कच्च्या घोड्याचे मोल कसे ठरवावे?

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लोहा तालुक्यातील माळेगाव येथे दरवर्षी मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची यात्रा भरते. खंडोबाचे वाहन घोडा असल्याने या यात्रेत घोड्यांच्या बाजाराला आगळे महत्त्व आहे. देवदर्शन, कुस्त्यांचे फड आणि लावणीचे कार्यक्रम हे यात्रेचे एक अंग, तर घोडे, गाढवे, उंट आणि लाल कंधारी जनावरांची खरेदी-विक्री हे दुसरे. मराठवाड्यातील शेतकऱ्यांप्रमाणेच परप्रांतांतील व्यापारीही येथे आपली जनावरे घेऊन उतरतात.

वाहतुकीचे साधन म्हणून घोड्याची गरज आता जवळजवळ संपली आहे. तरीही त्याची ओढ संपलेली नाही. मार्च २०२१ मध्ये नांदेडच्या जिल्हाधिकारी कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने घोड्यावरून कामावर येण्याची व घोडा आवारात बांधण्याची परवानगी मागितल्याची बातमी राज्यभर चवीने वाचली गेली होती. नांदेडमध्ये तर घोडा हा केवळ हौसेचा विषय नाही. तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे गुरू गोविंदसिंगांच्या काळापासूनची मानली जाणारी अश्वपरंपरा जपली जाते आणि दसरा व होला महल्ला या सणांच्या मिरवणुकांत तिचे दर्शन घडते. शिवाय वरातीचा व्यवसाय करणारे, शेतघरावर एखादा घोडा बाळगू इच्छिणारे आणि मुलांना रपेट शिकवण्याची इच्छा असलेले शहरी पालक, असे नवे ग्राहक गेल्या काही वर्षांत बाजारात येऊ लागले आहेत.

या नव्या ग्राहकापुढे बहुधा दोन ते चार वर्षांचा, दिसायला देखणा आणि बसायला कच्चा घोडा उभा केला जातो. तयार घोड्यापेक्षा तो स्वस्त वाटतो. 'तुमच्या हाताखाली घडेल' असे सांगितले जाते. येथेच ग्राहकाची फसगत होते, आणि दर वेळी विक्रेता लबाड असतो म्हणून होते असे नाही. कच्चा घोडा ही अपुरी वस्तू आहे, तिच्या पूर्ततेचा खर्च आपल्याला करायचा आहे, हे ग्राहकाच्या ध्यानात येत नाही. बांधकाम अर्धवट राहिलेले घर विकत घेताना आपण उरलेल्या कामाचा खर्च किमतीतून वजा करतो. कच्च्या घोड्याचा हिशेबही तसाच, शेवटाकडून सुरुवातीकडे मांडावा लागतो.

कच्चा म्हणजे किती कच्चा?

'थोडा कच्चा आहे' या तीन शब्दांत पुष्कळ अंतर सामावलेले असते. ज्याला केवळ दावणीला बांधण्याची सवय आहे, तोही कच्चा आणि ज्याच्यावर स्वार बसून महिनाभर फिरला आहे, तोही कच्चाच. म्हणून शिक्षणाच्या पायऱ्या वेगवेगळ्या करून प्रत्येक पायरी पडताळावी.

पहिली पायरी हाताळणीची. घोडा मोकळ्या जागेत पकडू देतो का, चारही पाय उचलू देतो का, दोरीवर शांतपणे चालतो का, हे प्रथम पाहावे. दुसरी पायरी सामानाची. लगाम तोंडात घेणे, खोगीर पाठीवर ठेवू देणे, तंग आवळताना अंग न चोरणे. तिसरी पायरी स्वाराची. रिकिबीत पाय ठेवून कोणी चढत असताना घोड्याने स्थिर उभे राहावे. चौथी पायरी चालीची, म्हणजे साधी चाल, दुडकी आणि दौड या तिन्हींत स्वाराच्या सूचनेने वेग बदलणे, वळणे आणि थांबणे. पाचवी पायरी जगाची. ट्रॅक्टर, बँड, कुत्री, पाण्याचे डबके यांना न बुजणे आणि सोबतचे घोडे मागे सोडून एकट्याने पुढे जाणे.

पहिल्या तीन पायऱ्या चांगल्या चाबूकस्वाराकडे तीन-चार महिन्यांत होऊ शकतात. चौथी व पाचवी यांना मात्र घाई चालत नाही. त्यांना वर्षभराचा संयम लागतो. प्रत्येक पायरी विक्रेत्याच्याच माणसाकडून प्रत्यक्ष करून दाखवून घ्यावी. 'आज खोगीर आणलेले नाही' असे उत्तर आले, तर ती पायरी झालेली नाही असे समजून किंमत धरावी.

एक गोष्ट येथे आवर्जून सांगायला हवी. वरातीसाठी किंवा प्रदर्शनासाठी नाचायला शिकवलेला घोडा हा बसायला तयार असलेला घोडा नव्हे. ताशाच्या ठेक्यावर जागच्या जागी पाय उचलण्याचे त्याचे शिक्षण बहुधा आखडून धरलेल्या लगामावर झालेले असते. मोकळ्या रस्त्यावर सैल लगामाने, सरळ आणि शांत चालणे त्याला नव्याने शिकवावे लागते. रपेटीसाठी घोडा घेणाऱ्याने नाचाचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

वय दातांवरून, उंची पट्टीवरून

तरुण घोड्याच्या वयाबाबत बाजारात दोन विरुद्ध दिशांनी अतिशयोक्ती होते. तो बसायला योग्य आहे हे पटवायचे असेल, तेव्हा वय वाढवून सांगितले जाते. तो अजून उंच होईल हे पटवायचे असेल, तेव्हा कमी करून. दोन्हींची कसोटी तोंडातच आहे. साधारण अडीच वर्षांच्या सुमारास समोरचे मधले दुधाचे दात पडून कायमचे दात येतात, साडेतीन वर्षांच्या सुमारास त्यांच्या शेजारचे आणि साडेचार वर्षांच्या सुमारास कडेचे. पाचव्या वर्षी समोरचे सर्व दात कायमचे होऊन तोंड पूर्ण जुळते. नर घोड्यांना चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास सुळेही येतात. दुधाचे दात लहान, पांढरे आणि मुळाशी निमुळते असतात; कायमचे मोठे, रुंद व किंचित पिवळसर. एवढे ओळखता आले तरी दोन वर्षांचे शिंगरू चार वर्षांचे म्हणून गळ्यात पडण्याची भीती राहत नाही.

उंचीला बाजारात मोठा मान आहे. खांद्यांच्या उंचवट्यावर जमिनीपासून मोजलेल्या प्रत्येक वाढीव इंचाला भाव चढतो. म्हणूनच 'अजून तीन-चार इंच वाढेल' हे वाक्य वारंवार ऐकू येते. वस्तुस्थिती अशी, की दोन वर्षांपर्यंत घोडा आपल्या पूर्ण उंचीच्या सुमारे ९५ टक्के उंची गाठतो. त्यानंतर मुख्यतः छाती, पुठ्ठा आणि एकूण रुंदी भरत जाते. तीन वर्षांच्या घोड्याची आजची उंची हीच जवळपास त्याची उंची समजावी आणि भविष्यातील इंचांचे पैसे देऊ नयेत.

मात्र उंची आली म्हणून सांगाडा पक्का झाला असे होत नाही. घोड्याच्या पायांच्या खालच्या हाडांची वाढ लवकर पूर्ण होते, त्यांच्या वरच्या हाडांना अधिक काळ लागतो आणि पाठीच्या कण्याची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू राहते. स्वाराचे ओझे नेमके त्या कण्यावरच पडते. दोन वर्षांच्या घोड्यावर रोज जड माणूस बसत असेल, तर तो 'तयार' नसून वेळेआधी झिजवलेला असतो. अशा घोड्याला शिक्षणाबद्दल जादा किंमत देण्याऐवजी त्याचे गुडघे, खुरांजवळचे सांधे आणि पाठ अधिक बारकाईने तपासावी.

स्वाराचे वजन हाही किमतीचाच भाग आहे. स्वार व खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागाहून अधिक ओझे नसावे, हा सर्वसाधारण संकेत. वजनकाटा नसला तरी फितीने अंदाज करता येतो. छातीचा घेर गुणिले छातीचा घेर गुणिले शरीराची लांबी, ही सर्व मापे सेंटिमीटरमध्ये घेऊन येणाऱ्या गुणाकाराला ११,८८० ने भागले, की वजन किलोग्रॅममध्ये मिळते. लांबी खांद्याच्या पुढील टोकापासून ढुंगणाच्या मागील टोकापर्यंत धरावी. घेर १५५ आणि लांबी १५० असेल, तर वजन सुमारे ३०३ किलो होते. हे सूत्र वाढ पुरी झालेल्या जनावरासाठी आहे. तरुण घोड्याच्या बाबतीत तो केवळ ढोबळ अंदाज समजावा. असा घोडा साठ किलोंपर्यंतचे एकूण ओझे सुखाने वाहील. ८० किलोंच्या गृहस्थांनी तो स्वतःसाठी घेणे म्हणजे कितीही स्वस्तात मिळाला तरी महागच.

रंग, भोवरे आणि वरात

मराठवाड्यातील जाणकार घोड्याभोवती फिरताना सर्वप्रथम भोवरे पाहतात. अंगावरील केसांचे भोवरे कोठे आहेत, त्यावरून घोडा लाभी की खोडीचा हे ठरवण्याची परंपरा फार जुनी आहे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या अश्वशास्त्रात शुभाशुभ लक्षणांना मोठे स्थान आहे. गळ्यावरचा 'देवमण' शुभ मानला जातो. चारही पाय आणि तोंड पांढरे असलेल्या 'पंचकल्याणी'ला मागणी असते.

या लक्षणांचा घोड्याच्या पायांशी, फुप्फुसांशी किंवा स्वभावाशी काही संबंध असल्याचे दाखवता येत नाही. मात्र किमतीशी त्यांचा संबंध आहेच, कारण पुढचा गिऱ्हाईकही तेच पाहणार आहे. म्हणून व्यवहारी माणसाने याकडे दोन अंगांनी पाहावे. घोडा आयुष्यभर आपल्याकडेच ठेवायचा असेल आणि भोवऱ्यांवर विश्वास नसेल, तर 'अशुभ' ठरलेला पण निरोगी व शांत घोडा हा बाजारातील सर्वांत फायद्याचा सौदा ठरू शकतो. दोन वर्षांनी विकायचा असेल, तर आज मिळालेली सूट तेव्हा आपल्यालाही द्यावी लागेल, हे धरून चालावे.

रंगाचेही तसेच. पांढऱ्या 'नुकरा' घोड्याला वरातीत मागणी असल्याने त्याच्या किमतीत लग्नसराईचे भावी उत्पन्न मिसळलेले असते. तुळशीच्या लग्नानंतर ही मागणी वाढत जाते आणि माळेगावची यात्रा नेमकी त्याच हंगामात येते. ज्याला वरातीला घोडा द्यायचा नाही, त्याने हे उत्पन्न विकत घेऊ नये. साधा तांबूस, कुमैत किंवा काळपट रंगाचा घोडा रपेटीला अगदी तेवढाच चांगला असतो.

जातीच्या नावाबाबतही सावध असावे. आत वळून टोके जुळणारे कान दिसले, की घोडा 'अस्सल मारवाडी' म्हणून सांगितला जातो. वंशावळीची नोंद, कातडीखालची चिप आणि तिच्याशी जुळणारी कागदपत्रे असतील, तर जातीचे पैसे द्यावेत. नुसत्या कानांचे देऊ नयेत. महाराष्ट्रापुरती समाधानाची बाब अशी, की भीमा नदीच्या खोऱ्यावरून नाव पडलेल्या आणि मराठ्यांच्या फौजांशी जोडल्या गेलेल्या भीमथडी घोड्याला आता राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीत स्वतंत्र जात म्हणून स्थान मिळाले आहे. काटक, बेताच्या उंचीचा आणि आपल्याकडील हवामानाला सरावलेला घोडा नव्या स्वाराला उंच, भडक घोड्यापेक्षा अनेकदा अधिक मानवतो.

रूपापेक्षा ज्या गुणाला खरोखर जास्त किंमत द्यावी, असे दोन गुण आहेत. एक म्हणजे स्वभाव. हा घोडा बुजल्यावर पळतो, की थबकून पाहतो? दुसरा म्हणजे उपजत सुखाची चाल. मारवाडी घोड्यांपैकी काहींत 'रेवाल' नावाची, स्वाराला फारसे न उसळवणारी चाल जन्मतःच असते. शिकवून आणलेली चाल सरावाअभावी मोडू शकते. उपजत चाल टिकते.

आधी तपासणी, मग भाव

भाव करण्यापूर्वी घोडा कडक, सपाट जमिनीवर हाताने धरून दुडक्या चालीने नेऊन आणावयास सांगावे. पुढचा एखादा पाय दुखत असेल, तर तो जमिनीवर टेकताना घोडा डोके वर उचलतो. मऊ वाळूत किंवा गवतावर हा दोष झाकला जातो. खुरांना चिरा, एका बाजूची झीज किंवा दुर्गंधी नसावी. डोळ्यांसमोर हळूच हात नेऊन दोन्ही बाजूंची दृष्टी पाहावी. विश्रांतीच्या वेळी नाडीचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असावेत. दौडीनंतर ते वाढणारच. पण थोड्या वेळात पूर्वपदावर यावेत आणि श्वासाबरोबर शिटीसारखा किंवा घरघरीचा आवाज नसावा.

दावणीपाशी थोडा वेळ नुसते उभे राहून पाहणेही उपयोगाचे. खुंटा किंवा गव्हाण दातांत धरून हवा ओढणे, जागच्या जागी सतत डुलत राहणे, या सवयी जडल्या की सहसा सुटत नाहीत. डोके खाली, खालचा ओठ लोंबता आणि गर्दीतही कशाची दखल नाही, असा तरुण घोडा दिसला, तर तो 'शांत' आहे असे लगेच मानू नये. त्याला गुंगीचे औषध दिलेले असू शकते, किंवा तो आजारी असू शकतो. यात्रा काही दिवस चालते. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा जाऊन पाहण्याची सोय येथे असते, तिचा लाभ घ्यावा.

यापुढची तपासणी पशुवैद्यकाची. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे आणि शेजारी परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यामुळे या भागातील ग्राहकाला तज्ज्ञ सल्ला अप्राप्य नाही. विशेषतः रक्ततपासणी टाळू नये. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होऊ शकतो, त्यावर लस उपलब्ध नाही आणि बाधित जनावरास नियमानुसार मारावे लागते. २००६ मध्ये महाराष्ट्रासह देशाच्या काही भागांत या रोगाने पुन्हा डोके वर काढले होते. हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या रोगावरील निदानाचे प्रमुख केंद्र आहे. तपासणीला काही हजार रुपये लागले, तरी संपूर्ण किंमत व घरच्यांचे आरोग्य पणाला लावण्यापेक्षा ते स्वस्तच पडतात.

हिशेब उलटा मांडावा

आता मुख्य मुद्दा. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतलेले आहेत. बाजारातील प्रचलित भाव म्हणून नव्हे. आपल्या भागातील आकडे चौकशी करून प्रत्येकाने स्वतः घालावेत.

समजा, तीन वर्षांच्या एका कच्च्या घोड्याला विक्रेता १ लाख २० हजार रुपये मागतो. त्याच बांध्याचा, पाच-सहा वर्षांचा, बसायला पूर्ण तयार घोडा २ लाखांना मिळतो. ग्राहकाला ८० हजारांची बचत दिसते. पण कच्चा घोडा तयार व्हायला एक वर्ष लागेल. शहरातील ग्राहकाला दाणा, कडबा, जागा आणि मोतद्दार मिळून महिना ६ हजार खर्च येतो असे धरले, तर वर्षाचे ७२ हजार. चाबूकस्वाराचे चार महिन्यांचे शुल्क प्रत्येकी ७ हजारांप्रमाणे २८ हजार. खुरांची साळणी दर सहा ते आठ आठवड्यांनी करावी लागते. ती, धनुर्वाताची लस, जंतांची औषधे आणि किरकोळ उपचार मिळून १० हजार. एकूण १ लाख १० हजार.

शिवाय प्रत्येक कच्चा घोडा चांगला तयार होतोच असे नाही. चारांपैकी तीन तयार होतील आणि एक लंगडेपणामुळे किंवा स्वभावामुळे बिघडून ६० हजारांनाच जाईल, असे धरू. मग वर्षअखेरीस अपेक्षित मूल्य २ लाख राहत नाही. २ लाखांचा पाऊण भाग दीड लाख आणि ६० हजारांचा पाव भाग १५ हजार, मिळून १ लाख ६५ हजार. त्यातून १ लाख १० हजार वजा केले, तर उरतात ५५ हजार. या ग्राहकासाठी या घोड्याची वाजवी किंमत ही एवढीच. १ लाख २० हजारांना घेतल्यास तो तयार घोड्यापेक्षा महाग पडला आणि वर्षभराची धास्ती पदरात पडली ती वेगळीच.

हाच घोडा लोहा किंवा अहमदपूर तालुक्यातील एखाद्या जाणत्या शेतकऱ्याने घेतला, तर चित्र पालटते. कडबा घरचा, जागा घरची, शिकवणारा स्वतः. महिन्याचा रोख खर्च ३ हजार धरला, तर वर्षाचे ३६ हजार आणि औषधपाण्याचे १० हजार. १ लाख ६५ हजारांतून ४६ हजार वजा जाता १ लाख १९ हजार उरतात. म्हणजे विक्रेत्याची मागणी त्याच्यासाठी अवाजवी नाही, फक्त त्याच्या श्रमांचे मोल त्यातूनच निघायचे आहे. एकच घोडा दोन माणसांसाठी दोन किमतींचा असू शकतो. ज्याला घोडा शिकवता येतो, त्याने कच्चा घ्यावा. ज्याला अजून बसायलाच शिकायचे आहे, त्याने तयार घ्यावा. नवशिका स्वार आणि नवशिका घोडा यांची जोडी ही या व्यवहारातील सर्वांत खर्चिक चूक आहे, आणि तिचा भुर्दंड पुष्कळदा हाडे मोडून भरावा लागतो.

विक्रेत्याची बाजूही न्यायाने पाहावी. घोडीचा गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा. त्यानंतर तीन वर्षे शिंगराला पोसलेले असते. त्याचा खर्च खोटा नसतो. पण ग्राहकाने मोल द्यायचे ते घोड्यात आज असलेल्या गुणांचे. चांगली हाताळणी, स्वच्छ खूर, लसीकरणाच्या नोंदी आणि दाखवून दिलेल्या पायऱ्या यांसाठी काही हजार अधिक मागितले, तर ते आनंदाने द्यावेत. तेवढे काम आपले वाचलेले असते.

रुमालाखालचा भाव

आपल्याकडील जनावरांच्या बाजारांत हातावर रुमाल टाकून, बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची पद्धत रूढ आहे. तिच्यामुळे घेणाऱ्या-देणाऱ्याची अब्रू झाकलेली राहते. पण शेजारच्या दावणीवर काल काय भाव झाला, हे नवख्याला कळत नाही. म्हणून ओळखीच्या माणसांकडून किमान चार-पाच प्रत्यक्ष झालेल्या सौद्यांची माहिती काढावी. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत मोठे अंतर असते. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून कोटींच्या घोड्यांच्या बातम्या दरवर्षी येतात. त्या बहुधा निवडक नर घोड्यांच्या मागणीच्या असतात. एखाद्या घोड्याला कोटींची मागणी आली, म्हणून साध्या शिंगराची किंमत वाढत नाही. दलाल असेल, तर त्याची दलाली कोण व किती देणार, हे आधीच बोलून घ्यावे.

नर घोड्याबाबत आणखी एक विचार करावा. आपल्याकडे घोडे खच्ची करण्याची पद्धत कमी आहे. खच्ची न केलेला तरुण नर घोड्यांजवळ आवरणे नवख्याला अवघड जाते. त्याच्यासाठी वेगळी जागा व अनुभवी माणूस लागतो. पैदाशीचा मानस नसेल, तर घोडी किंवा खच्ची केलेला घोडा बरा. घोडीच्या किमतीत मात्र तिच्या भावी शिंगरांचा वाटा धरलेला असतो, हे ओळखून भाव करावा.

सौदा ठरला की इसार देताना कागद करावा. वस्तू विक्री कायदा, १९३० याच्या दृष्टीने जनावर हीही जंगम वस्तूच. वस्तूच्या दर्जाची किंवा उपयुक्ततेची हमी सर्वसाधारणपणे गृहीत धरली जात नाही, असे हा कायदा सांगतो. जिव्हाळ्याचे अपवाद थोडेच. त्यामुळे घोडा कशासाठी घेत आहोत आणि विक्रेत्याने कोणते दोष नसल्याचे सांगितले, हे दोन्ही लिहून घेतलेले बरे. पावतीवर रंग, वय, उंची, अंगावरील खुणा, चिप असल्यास तिचा क्रमांक आणि 'रक्ततपासणी निर्दोष आल्यास सौदा कायम' ही अट असावी. घोडा वाहनातून नेण्यासाठी जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांनुसार पशुवैद्यकाचा दाखला लागतो, तोही त्याच वेळी घ्यावा.

किमतीतील चूक ग्राहकाच्या खिशापाशी थांबत नाही. हौसेने महाग घेतलेला कच्चा घोडा वर्षभरात आवरेनासा झाला, की तो विकला जातो. अर्धवट शिकलेला आणि धाक बसलेला घोडा पुढच्या प्रत्येक विक्रीत एक पायरी खाली उतरतो. रपेटीतून वरातीकडे, वरातीतून ओझ्याकडे. नीट सांभाळलेला घोडा वयाच्या अठरा-वीस वर्षांपर्यंत स्वाराला साथ देऊ शकतो. म्हणून दावणीपुढे उभे राहून 'केवढ्याचा?' असे विचारण्याआधी, याला घडवायला आपल्याकडे किती महिने, किती पैसे आणि कोणाचा हात आहे, हे स्वतःला विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर त्याच बाजारात एखाद्या साध्या रंगाच्या, वयाने पोक्त, शांत घोड्याची चौकशी करावी. दिसायला तो डावा असेल. पण दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर बसता येईल.